शहराचा हिशेब मांडणारा नेता

शहरात राहणाऱ्या एका माणसामागे पाण्यावर, गटारांवर, रस्त्यांवर आणि पथदिव्यांवर नगरपालिकेने वर्षाला किती खर्च करायला हवा? आणि तेवढा पैसा तिने आणायचा कोठून? १९६३ साली देशभरातल्या नगरपालिकांसाठी हा हिशेब मंत्र्यांच्या एका समितीने मांडला. समितीचे लांबलचक सरकारी नाव पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही. तिने ठरवून दिलेली खर्चाची प्रमाणे मात्र नगरविकासाच्या अभ्यासकांच्या आणि नियोजनकारांच्या कागदांवर कित्येक दशके टिकून राहिली. ‘झकेरिया समितीची मानके’ या नावाने ती ओळखली जातात.

या समितीचे अध्यक्ष डॉ. रफिक झकेरिया तेव्हा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात होते आणि विधानसभेत औरंगाबादचे प्रतिनिधित्व करत होते. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद या नावाने ओळखले जाई. त्याची वस्ती लाखाच्या आत होती. पंधरा वर्षांनी, १९७८ मध्ये झकेरिया राज्यसभेत गेले. संसदेतल्या काँग्रेस पक्षाचे उपनेतेपदही त्यांना मिळाले. त्यांच्या चरित्रात हे पद मोठ्या अक्षरांत छापले जाते, आणि ते योग्यच आहे. तरीही या शहरात त्यांची ओळख सांगताना लोक रौजाबागेतल्या महाविद्यालयाकडे बोट दाखवतात, सिडकोच्या वसाहतीचे नाव घेतात. दिल्लीतल्या सहा वर्षांपेक्षा त्याआधीच्या आणि नंतरच्या कामाने त्यांना शहराच्या इतिहासात जागा मिळवून दिली. ही जागा कशी तयार झाली, ते नीट पाहायला हवे.

सोपाऱ्यापासून लंडनपर्यंत

रफिक झकेरिया यांचा जन्म ५ एप्रिल १९२० रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याचा. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. कधीकाळी समुद्रापलीकडच्या देशांशी व्यापार करणारे हे बंदर, जिथे अशोकाचे शिलालेख सापडले. कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्त्या या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि झकेरियांचे घराणे त्यांतलेच. मुंबई विद्यापीठात एम.ए.ला कुलपतींचे सुवर्णपदक मिळवून हा तरुण इंग्लंडला गेला. लंडन विद्यापीठात त्याने पीएच.डी. केली आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टरची पदवी घेतली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता १८८५ ते १९०६ या काळातले भारतीय मुसलमानांचे राजकारण. १८८५ म्हणजे काँग्रेसची स्थापना आणि १९०६ म्हणजे मुस्लिम लीगची. या दोन तारखांमधल्या एकवीस वर्षांत एक समाज राष्ट्रीय चळवळीपासून दूर का सरकत गेला, याचा शोध हा तरुण घेत होता. त्याच सुमारास देशात या दुराव्याची किंमत फाळणीच्या रूपाने मोजली जात होती. १९४८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे १९७० मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. झकेरियांनी नंतर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक राजकीय पुस्तकाचे मूळ या प्रबंधात सापडते.

मुंबईला परतल्यावर वकिली, लेखन आणि काँग्रेसचे काम एकाच वेळी सुरू झाले. नेहरूंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने १९५९ मध्ये निघालेल्या ‘ए स्टडी ऑफ नेहरू’ या ग्रंथाचे संपादन त्यांनी केले. या ग्रंथामुळे त्यांचे नाव दिल्लीपर्यंत पोचले. तोवर त्यांनी जनतेतून निवडणूक जिंकलेली नव्हती, आणि औरंगाबादशी त्यांचे गावकीचे वा भावकीचे कोणतेच नाते नव्हते.

उपरा उमेदवार

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ ची विधानसभा निवडणूक ही या राज्याची पहिली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र यांची मोट बांधून दाखवायची होती. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यानंतर आठ वर्षे तो हैदराबाद राज्यात राहिला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबईत आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बारा वर्षांत तीन राज्ये पाहिलेल्या या प्रदेशाला मुंबई फार दूर वाटत होती. मुंबईलाही मराठवाडा तितकाच दूर होता.

अशा वेळी मुंबईचा एक बॅरिस्टर औरंगाबादेत काँग्रेसचा उमेदवार म्हणून उभा राहिला. तो निवडून आला आणि पहिल्याच खेपेला मंत्रिमंडळात गेला. नगरविकास खाते त्यांच्याकडे आले. पुढे चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. मारोतराव कन्नमवार आले, त्यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक आले. मुख्यमंत्री बदलले तरी झकेरिया मंत्रिमंडळात टिकले. सार्वजनिक आरोग्यासह निरनिराळी खाती त्यांनी सांभाळली. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात ते सुमारे १५ वर्षे होते.

बाहेरून आलेल्या उमेदवाराला मतदार एकदा संधी देतात. मग त्याने मतदारसंघात किती मुक्काम केला, ते मोजतात. हे झकेरियांनी ओळखले होते. आपले शहर कोणते, असे विचारल्यावर औरंगाबाद हेच उत्तर देता यावे, अशी त्यांची धडपड होती. त्यासाठी भाषणे पुरणार नव्हती.

हे शहर तसे कोणाही नवख्याला आपलेसे करून घेणारे. १६१० च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली. तो तर हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला. त्याने डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी आजही अभ्यासकांना चकित करते. पुढे मोगल आले, निजाम आले. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबादचे वैभव ओसरले. दरवाजे, मशिदी, बागा, हिमरू आणि मशरूचे माग मागे राहिले. १९६२ मध्ये झकेरियांच्या वाट्याला आले ते असे राजधानीपण गमावलेले शहर. त्याला नव्या काळात पुन्हा उभे करायचे होते.

माणशी किती?

नगरपालिकांचे दुखणे तेव्हाही आजच्यासारखेच होते. कामे पालिकेची आणि पैसा राज्याचा. जकात, घरपट्टी आणि पाणीपट्टी ही पालिकेची कमाई. त्यातून पगार भागवले की नवी जलवाहिनी टाकायला फारसे काही उरत नसे. मग सरकारकडे अनुदानासाठी हात पसरायचे. अनुदान कोणाला आणि किती, हे ठरवायला पक्का आधार नव्हता. ज्याची मंत्रालयात ओळख त्याची पालिका सुखी.

राज्यांच्या मंत्र्यांची केंद्रीय स्थानिक स्वराज्य परिषद १९५४ मध्ये स्थापन झाली होती. या परिषदेने नगरपालिकांची आर्थिक साधने कशी वाढवावीत, हे पाहण्यासाठी मंत्र्यांची समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद झकेरियांना दिले. १९६३ च्या अहवालात समितीने शहरांची लोकसंख्येनुसार वर्गवारी केली. पाणीपुरवठा, मलनिःसारण, पावसाच्या पाण्याचा निचरा, रस्ते, दिवे अशा प्रत्येक सेवेवर दरडोई किती खर्च यावा, याचे आकडे मांडले. त्यामुळे एखाद्या पालिकेची अवस्था मोजता येऊ लागली. अमुक शहरात पाण्यावर माणशी एवढा खर्च व्हायला हवा, प्रत्यक्षात होतो एवढा, म्हणजे तूट एवढी, असे दाखवता येऊ लागले.

किमती वाढल्या तसे हे आकडे पुढच्या अभ्यासकांनी महागाईच्या हिशेबाने वाढवून घेतले. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी प्रत्येक राज्याला वित्त आयोग नेमणे बंधनकारक केले. राज्याच्या तिजोरीतला किती वाटा शहरांना द्यायचा, हे त्या आयोगाने सांगायचे. त्या चर्चांमध्ये झकेरिया समितीची मानके पुन्हा बाहेर निघाली. २०११ मध्ये ईशर जज अहलुवालिया यांच्या समितीने शहरी सुविधांच्या खर्चाची आकडेमोड नव्याने केली, तेव्हा झकेरियांच्या अहवालाला जवळजवळ अर्धे शतक होत आले होते.

माझ्या मते झकेरियांच्या सार्वजनिक आयुष्यातला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला भाग आहे. नागरिकाला पाणी मिळावे असे प्रत्येक पुढारी म्हणतो. किती पाणी, किती पैशात, कोणाच्या तिजोरीतून, हे कागदावर मांडून स्वतःच्या सरकारलाही त्या मापाने मोजून घेण्याची तयारी फार थोडे दाखवतात.

याच दशकात महाराष्ट्राच्या शहरांची कायदेशीर चौकटही उभी राहिली. १९६५ मध्ये नगरपालिकांसाठी राज्यभर एकच अधिनियम आला. त्याआधी मुंबई इलाखा, हैदराबाद आणि मध्य प्रांत यांचे निरनिराळे कायदे चालत होते. मराठवाड्यातली पालिका आणि पुण्याजवळची पालिका एकाच नियमाखाली आल्या. १९६६ मध्ये प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम मंजूर झाला. विकास आराखडा, आरक्षणे, विशेष नियोजन प्राधिकरण हे आज नगरसेवकांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द या कायद्यामुळे महाराष्ट्रभर पोचले.

दरवाजांबाहेरचे शहर

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. औरंगाबादेत रेल्वे स्टेशनजवळ आणि मग चिकलठाण्याला औद्योगिक वसाहती आल्या. पुढे १९८० च्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिल्यावर शहराचा वेग पार बदलला. कारखान्यांना लागणारे पाणी आणि माणसे ही दोन्ही कोडी त्याआधीच सुटायला लागली होती.

पाण्याचे उत्तर पैठणला मिळाले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाचे भूमिपूजन झाले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. या धरणामागचा आग्रह शंकरराव चव्हाणांचा. गोदावरीचे पाणी अडले नसते तर हर्सूलच्या तलावावर आणि जुन्या नहरींवर आजचे शहर जगलेच नसते.

माणसांच्या घरांचे उत्तर सिडकोकडून आले. सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झाली ती नवी मुंबई वसवण्यासाठी. दोन वर्षांतच, १९७२ मध्ये तिच्याकडे औरंगाबादच्या पूर्वेला नवे शहर वसवण्याचे काम सोपवण्यात आले. मुंबईबाहेरच्या एका जिल्ह्याच्या गावाला सिडकोसारखी संस्था मिळणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. शहरातले जाणते लोक याचे श्रेय झकेरियांना देतात. मंत्रिमंडळात बसलेला औरंगाबादचा माणूस आणि नगरविकासाची त्याची दृष्टी, या दोन्हींचा तो परिणाम होता.

सिडकोने शहराला एन-१ पासून सुरू होणारी क्रमांकांची वस्ती दिली. कॅनॉटची बाजारपेठ दिली. कामगार, लिपिक, शिक्षक, लहान व्यापारी यांना ऐपतीत बसतील अशी घरे दिली. जालना, बीड, परभणी, नांदेडहून नोकरीसाठी आलेल्या हजारो कुटुंबांनी इथे आपले पहिले पक्के घर घेतले. पत्ता सांगताना ‘एन-आठ’ किंवा ‘एन-सहा’ एवढे म्हटले की आजही रिक्षावाल्याला कळते. गुलमंडी आणि सिटी चौकाचे शहर दरवाजांच्या आत राहिले, नवे शहर बाहेर वाढले. एप्रिल २००६ मध्ये सिडकोची ही वसाहत महापालिकेकडे सोपवण्यात आली. १९६१ मध्ये लाखाच्या आत असलेले शहर २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७५ हजारांवर पोचले होते.

रौजाबाग

मराठवाड्याला शिक्षणाची भूक किती मोठी होती, हे १९५० नंतरच्या घटना पाहिल्या की कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनात मराठवाड्यातल्या दलित मुलांची पहिली पदवीधर पिढी घडली. १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीच्या स्वातंत्र्यसैनिकांनी सरस्वती भुवनचा विस्तार केला. मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाने देवगिरी महाविद्यालय काढले.

या मांदियाळीत १९६३ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालयाची भर पडली. झकेरियांनी त्यासाठी मौलाना आझाद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. दिल्ली दरवाजाच्या परिसरात, हिमायतबागेच्या शेजारी रौजाबागेत जागा मिळाली. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचे निधन १९५८ मध्ये झाले होते. फाळणीला शेवटपर्यंत विरोध करणाऱ्या या नेत्याचे नाव देण्यामागे झकेरियांचा विचार स्वच्छ दिसतो. निजामाच्या राजवटीत उर्दू ही सत्तेची भाषा होती. १९४८ च्या पोलीस कारवाईने ती राजवट संपल्यावर इथला मुसलमान एकाएकी भांबावला होता. त्याला मागे वळून पाहायला लावणाऱ्यांची कमतरता नव्हती. झकेरियांनी त्याला वर्गात बसायला सांगितले. महाविद्यालयाची दारे त्यांनी सर्व धर्मांच्या मुलांना खुली ठेवली. मुंबईत नागपाड्याला १९६८ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र महाविद्यालयाच्या मागेही हीच तळमळ होती.

रौजाबागेचा परिसर पुढे वाढत गेला. ताज समूहाच्या सहकार्याने इथे हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली. इंग्लंडमधल्या हडर्सफिल्ड विद्यापीठाशी तिचे शैक्षणिक नाते जुळले. अजिंठा-वेरूळमुळे जगाच्या नकाशावर असलेल्या शहरात पर्यटनाचे रीतसर शिक्षण इथल्याच मुलांना मिळावे, ही कल्पना दूरदृष्टीची होती. मलिक अंबरच्या काळातल्या नवखंडा महालात मुलींचे महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला आज झकेरियांचेच नाव आहे. ज्या वाड्याच्या अंतःपुरात बाहेरच्यांना मज्जाव असे, तिथे जुन्या शहरातल्या मुली वह्या-पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. घराजवळ मुलींचे वेगळे महाविद्यालय नसते तर त्यांतल्या अनेकींचे शिक्षण दहावीलाच थांबले असते.

वरच्या सभागृहात

आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत औरंगाबादने लोकसभेसाठी जनता पक्षाच्या बापूसाहेब काळदाते यांना निवडले. उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली होती. जानेवारी १९७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. महाराष्ट्रात फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली आणि एप्रिलमध्ये झकेरिया राज्यसभेत पोचले.

वरिष्ठ सभागृहात जाण्याचे मार्ग देशोदेशी निराळे आहेत. झकेरिया लंडनमध्ये शिकत होते तेव्हा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये वंशपरंपरेने आलेल्या सरदारांचीच गर्दी होती. १९५८ च्या कायद्याने तहहयात सदस्य नेमण्याची वाट रुंद झाली. तेव्हापासून नगर परिषदांमध्ये आयुष्य घालवलेले कितीतरी ब्रिटिश नेते उतारवयात लॉर्ड किंवा बॅरोनेस होऊन त्या सभागृहात गेले. त्यांना कोणी निवडून देत नाही, पंतप्रधानांच्या शिफारशीने त्यांची नेमणूक होते. आपल्या घटनाकारांनी वेगळी रचना केली. राष्ट्रपतींनी नेमलेले बारा सदस्य सोडले तर राज्यसभेच्या बाकीच्यांना आमदारांची मते मिळवावी लागतात. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत. विधान परिषदेत तर स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेनेच हक्काची जागा दिली. एकूण सदस्यांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांच्या सदस्यांनी निवडायचे. महाराष्ट्रात ७८ पैकी २२ आमदार असे येतात. नगरसेवकाचे मत थेट वरिष्ठ सभागृहापर्यंत पोचावे, अशी ही सोय आहे.

झकेरिया गेले त्या वर्षी राज्यसभेला क्वचितच येते तसे महत्त्व आले होते. लोकसभेत जनता पक्षाचे बहुमत होते, राज्यसभेत नव्हते. बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेने फेटाळले, म्हणून १६ मे १९७८ रोजी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली. स्वतंत्र भारताच्या इतिहासातली ती केवळ दुसरी. आणीबाणीतल्या तरतुदी उलटवणाऱ्या घटनादुरुस्ती विधेयकातली काही कलमेही त्याच वर्षी राज्यसभेने गाळायला लावली. लोकसभेत हरलेला पक्ष या सभागृहाच्या आधाराने तग धरून होता. १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. औरंगाबादने त्या वेळी लोकसभेवर काझी सलीम या उर्दू कवीला पाठवले. संसदेत पक्षाचे उपनेतेपद मिळालेल्या झकेरियांनी संयुक्त राष्ट्रांतही भारताचे प्रतिनिधित्व केले.

दिल्लीत हे चालले असताना त्यांच्या शहरावर कठीण काळ आला. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतली दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. शहरे नळ-रस्त्यांनी बांधता येतात, त्यांतली माणसे एकमेकांशी कशाने बांधायची, हा प्रश्न त्या सोळा वर्षांनी मराठवाड्यापुढे उभा केला. ८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबाद नगरपालिकेची महापालिका झाली. तिची पहिली निवडणूक व्हायला १९८८ साल यावे लागले. त्या निवडणुकीपासून शहराच्या राजकारणाने धर्माच्या रेषेवर जे वळण घेतले, ते आजवर सुटलेले नाही.

पदाविना

१९८४ मध्ये झकेरियांची मुदत संपली. योगायोग असा, की त्याच वर्षी बापूसाहेब काळदाते राज्यसभेत गेले आणि पुढे बारा वर्षे तिथे राहिले. एक काँग्रेसचा, दुसरा समाजवादी. मतांनी दूर असलेले हे दोघे अभ्यासू नेते औरंगाबादनेच घडवले.

चौसष्टाव्या वर्षी पद गेल्यावर झकेरियांच्या लेखणीला जोर चढला. ‘द स्ट्रगल विदिन इस्लाम’ १९८८ मध्ये आले. सलमान रश्दी प्रकरणानंतर १९९१ मध्ये पैगंबर आणि कुराण यांच्यावरचे पुस्तक आले. मग इक्बाल, हिंदू-मुस्लिम दुरावा, सरदार पटेल आणि मुसलमान, जीना असे विषय. सरदारांना मुस्लिमद्वेष्टे ठरवणाऱ्यांना त्यांनी पुराव्यांनिशी उत्तर दिले. गुजरातच्या दंगलींनंतर २००२ मध्ये ‘कम्युनल रेज इन सेक्युलर इंडिया’ लिहून त्यांनी देशालाही जाब विचारला. २००४ मधल्या ‘इंडियन मुस्लिम्स : व्हेअर हॅव दे गॉन राँग?’ या पुस्तकात त्यांनी आपल्याच समाजापुढे आरसा धरला. दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घ्यायला लागते ते धैर्य या माणसाकडे चौऱ्याऐंशीव्या वर्षीही होते.

९ जुलै २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जन्म सोपाऱ्याचा, कर्मभूमी मुंबई आणि दिल्ली, तरी दफनासाठी त्यांना औरंगाबादला, रौजाबागेच्या आवारात आणण्यात आले. पत्नी फातमा झकेरिया या नामवंत पत्रकार होत्या. त्यांनी संस्थेचा कारभार हाती घेतला आणि २०२१ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तो सांभाळला. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९६२ मध्ये ज्याला कोणी उपरा म्हटले असेल, त्याचे घराणे दोन पिढ्यांनी या मातीचे झाले होते.

आज मोजताना

या शहरातून वरिष्ठ सभागृहाची वाट पुढेही चालू राहिली. बालरोग शल्यचिकित्सक असलेले माजी महापौर डॉ. भागवत कराड २०२० मध्ये राज्यसभेत गेले आणि २०२१ ते २०२४ या काळात केंद्रात अर्थ राज्यमंत्री होते. अंबादास दानवे २०१९ मध्ये औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेत गेले आणि २०२२ मध्ये तिथले विरोधी पक्षनेते झाले. पालिकेच्या राजकारणातून आलेली माणसे देशाच्या आणि राज्याच्या वरच्या सभागृहात बसतात, ही लोकशाहीच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. गल्लीतल्या नळाचे दुखणे माहीत असलेला माणूस कायदा करायला बसला पाहिजे.

पण हे दुखणे अजून बरे झालेले नाही. जायकवाडी उशाला असूनही रोज पाणी येणारा नळ या शहराने वर्षानुवर्षे पाहिलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे २,७०० कोटींच्या वर गेला. दरम्यान उन्हाळ्यात वसाहतींमध्ये टँकरची वाट पाहिली जाते, आणि पाणी कधी येणार यावर घरातल्या बायकांचा दिवस ठरतो. १९६३ च्या अहवालातला प्रश्न औरंगाबादच्या आमदाराने देशापुढे मांडला होता. त्याच शहराला त्याचे उत्तर साठ वर्षांनंतरही मिळाले नसेल, तर ती आपल्या सर्वांची नामुष्की आहे.

झकेरियांच्या कारकिर्दीवर टीकाही होते आणि व्हावी. शहराची नवी वस्ती बाहेर वाढली आणि जुनी आत दाटत गेली, ही फूट त्यांच्या काळातच सुरू झाली. शिक्षणाने समाजातली दरी मिटेल ही त्यांची आशा १९८८ नंतरच्या दंगलींनी पुष्कळ अंशी खोटी ठरवली. तरीही त्यांनी घालून दिलेला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी शहराचा अभ्यास केला, मग त्याच्या गरजा आकड्यांत मांडल्या, संस्था उभ्या केल्या आणि त्यानंतर ते राज्यसभेत गेले. मुदत संपल्यावर ते दिल्लीत नव्या पदाच्या शोधात बसले नाहीत, संस्थेकडे आणि लेखनाकडे वळले. आज छत्रपती संभाजीनगरातून जो कोणी वरच्या सभागृहात जाईल, त्याचे सत्कार आणि फटाके होतील, ते होऊ द्यावेत. मात्र नागरिकांनी त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत : जाण्यापूर्वी तुम्ही या शहरात काय उभे केलेत, आणि माणशी किती पाणी, किती रस्ता, किती शाळा, याचा हिशेब तुमच्याकडे आहे का? ज्याला या दोन्हींचे उत्तर देता येईल त्यालाच झकेरियांच्या परंपरेतला प्रतिनिधी म्हणावे.